मुकादमबाईंच्या अठरा चादरी

रोज सकाळी दहाच्या सुमारास मुकादमबाईंच्या पुढ्यात टॉवेलांची टोपली येऊन पडायची, आणि तोवर आपण जाग्या आहोत की झोपेत, याचा त्यांना काही केल्या पत्ता लागायचा नाही. वृद्धनिवासातल्या सकाळी होत्याच तशा. पांढऱ्या भिंती, पांढरे पडदे, पांढऱ्या पेल्यात फिकट चहा, आणि पडद्याआडून येणारा उजेडसुद्धा पाणी घातलेल्या दुधासारखा. माणूस पलंगावरून उठून खुर्चीत बसतो, खुर्चीतून उठून जेवणघरात बसतो, तिथून उठून परत खुर्चीत. बसण्याखेरीज दुसरा उद्योग नाही. अशा ठिकाणी भल्याभल्यांना दिवस कुठला आणि स्वप्न कुठलं ते कळेनासं होतं, तिथं आपल्या बाईंचं काय घेऊन बसलात!

पण टोपली आली की बाई खडबडून जाग्या व्हायच्या. चोवीस टॉवेल. आधी लांबीत दुमडायचा, मग तीन भाग करायचे, शेवटची कड आत सारायची. वरून बघणाऱ्याला एकही कड दिसता कामा नये. छत्तीस वर्षं बाईंनी एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरातल्या धुलाईखान्यात काढली होती, त्यातली शेवटची एकोणीस मुकादम म्हणून. हाताखाली पंधरा बायका. बाई नुसत्या दारात उभ्या राहिल्या तरी आत सगळं चिडीचूप. मूळ नाव काय ते कागदपत्रांत असेल कुठेतरी. लोकांच्या तोंडी ‘मुकादमबाई’ बसलं ते बसलंच. इथं निवासात मात्र सगळ्यांना सरसकट ‘आजी’ म्हणत. पहिल्या दिवशी बाईंनी एका मदतनीसबाईला विचारलं होतं, “तू माझ्या मुलाची मुलगी की मुलीची?” ती बिचारी गोरीमोरी झाली. पुढे बाईंनी नाद सोडला.

तर टॉवेल. घडी घालताना बाईंच्या मनात एक चित्र असायचं: खाली जेवणघरात कुणी म्हातारा हात धुतोय, ओले हात तसेच धरून इकडेतिकडे बघतोय, आणि त्याला हाताशी टॉवेल मिळतोय, कोरडा, नेटका. तो काही बाईंचं नाव घेत नाही. घ्यायची गरजही नाही. पण त्याचं अडलं होतं आणि बाईंमुळे निभावलं, एवढं पुरे होतं. त्या चित्राच्या आधारावर बाई दुपारचं जेवण जेवायच्या आणि दुपारी शांत झोपायच्या.

अशाच एका दुपारी दिवाणखान्यातल्या कोपऱ्यातल्या खुर्चीत त्यांचा डोळा लागला. स्वप्नात त्या तळघरात होत्या. वाफ अशी दाटलेली की समोरची बाई कमरेच्या वर दिसावी आणि कमरेखाली दिसू नये. पांढऱ्या चादरी दोरीवरून हळूहळू सरकत चालल्या होत्या, कुणी ओढत नव्हतं तरी. आणि त्या वाफेत एक बाई टोपलीपाशी बसून घडी केलेला टॉवेल उचलत होती, दोन कोपऱ्यांना धरून झटकत होती आणि चुरगाळून खाली सोडत होती. एक झाला. दुसरा झाला. तिसरा. आवाज म्हणून नाही. बाई ओरडल्या, “अगं ए, काय चाललंय तुझं?” पण स्वप्नात आवाज फुटतो कुणाचा? जाग आली तेव्हा दिवाणखाना रिकामा होता, आणि टोपली आपल्या जागी, वर फडकं पांघरून गप्प बसलेली.

दुसरी कुणी असती तर स्वप्न म्हणून सोडून देती. पण मुकादमाचा स्वभाव फार वाईट, एकदा शंका आली की जेवण गोड लागत नाही. हॉस्पिटलात कुठल्या वॉर्डाचे कपडे कुठले ते कळावं म्हणून कोपऱ्याला रंगीत दोऱ्याची गाठ मारत. बाईंनी आपल्या शालीच्या काठातला एक तांबडा धागा उसवला आणि दुसऱ्या दिवशी एका टॉवेलाच्या कोपऱ्यात, आतल्या बाजूने, नखाएवढी गाठ मारून ठेवली. झालं. तिसऱ्या दिवशी टोपली आली, सातवा टॉवेल उचलला, तर गाठ हजर. बाई मनात म्हणाल्या, धुऊन लगेच आला असेल. चौथ्या दिवशी तोच, अकरावा. नाकाला लावून पाहिला. साबणाचा वास नाही, दुसऱ्या कुणाच्या हाताचा नाही. बाईंचाच वास त्याला, खोबरेल तेलाचा. पाचव्या दिवशीही तोच. चोवीसच्या चोवीस तेच. बाईंनी घडी घालायची आणि बाई झोपल्या की कुणीतरी ती मोडायची, असा हा कारखाना चालला होता, सहा महिने!

बाईंनी मदतनीसबाईला हाक मारली. पन्नाशीची, थकलेली, पण मनाने साधी बाई. गाठ बघितली आणि तिचा चेहरा पडला.

“तुम्हाला बरं वाटावं म्हणून हो, आजी.”

“हे कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं?”

 बाईंनी नुसतं बघितलं, धुलाईखान्यात बघायच्या तसं. मग ती पुटपुटली, “तुमच्या लेकीनेच सांगितलं होतं. म्हणाल्या, आईच्या हाताला काहीतरी चाळा द्या.”

चाळा! हा शब्द बाईंना लागला म्हणजे किती लागला, ते सांगून कळायचं नाही. लहान मुलाला चाळा म्हणून खुळखुळा देतात. बाईंनी हातातला टॉवेल तसाच खाली ठेवला, उठल्या, खोलीत गेल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या.

दोन दिवस झाले तरी त्या उठेनात. डॉक्टर येऊन गेले. ताप नाही, रक्तदाब ठीक. दुखणं असं कुठेच नव्हतं. बाई डोळे मिटून एकच हिशेब करत होत्या: आपण उद्या नसलो तर या घरात काय अडेल? आणि उत्तर दर वेळी तेच यायचं. काही नाही. एक फडकंसुद्धा ओलं राहणार नाही. खोलीतली शेजारीण अधूनमधून पलंगाशी येऊन उभी राहायची. तिला कालचं आज आठवत नसे. रोज सकाळी ती विचारायची, “तुम्ही नव्या आलात का?” आणि बाई सांगायच्या, “हो, कालच.” वाद घालण्यात अर्थ नव्हता. या दोन दिवसांत मात्र तिने तेच विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, “मी कोण, कुठली, मला काही विचारू नका.” शेजारणीने त्यांच्या पायावरचं पांघरूण नीट केलं आणि ती खिडकीशी जाऊन बसली.

तिसऱ्या दिवशी लेक आली. लेक बँकेत मोठ्या हुद्द्यावर, सगळं कसं झटपट आणि नीटनेटकं. पर्स मांडीवर घेऊन बसली.

“आई, तुझ्यासाठीच केलं ना गं? तू घरी असताना सारखी कपाटं उपसायचीस, आठवतंय? धुतलेले कपडे परत धुवायचीस. मला वाटलं, तुझे हात गुंतले की तुला बरं वाटेल.”

“वाटत होतं ना. फार बरं वाटत होतं.”

“मग?”

“मग काय मग! तू लहान असताना तुला लटकी पोळी लाटायला द्यायचे मी, कणकेचा गोळा. तू ती बाहुलीला वाढायचीस. आज तू मला गोळा दिलास. मी कुणाला वाढू?”

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंनाही वाईट वाटलं, कारण पोरीच्या मनात वाकडं काही नव्हतं. उलट त्याचंच जास्त वाईट वाटलं. दुष्टाव्याशी भांडता येतं, मायेशी कसं भांडायचं? लेक जाताना व्यवस्थापिकेच्या खोलीत जाऊन काहीतरी बोलून गेली.

व्यवस्थापिका चाळिशीची, अंगाने बारीक, आवाज इतका मऊ की ऐकणाऱ्याला जांभई यावी. सगळे तिला मॅडम म्हणत. ती येऊन बाईंच्या पायथ्याशी बसली.

“आजी, दुसरं काही हवंय का? रंग भरायची पुस्तकं आहेत, मोठ्या चित्रांची.”

बाई भिंतीकडची कूस बदलून तिच्याकडे वळल्या. “मॅडम, एक विचारू? उद्या तुमचा आचारी आला नाही तर?”

“अगं बाई! हलकल्लोळ होईल.”

“आणि मी टॉवेल केले नाहीत तर?”

मॅडम पायथ्याच्या पांघरुणाची सुरकुती सारखी करायला लागली.

“मला असं काही द्या,” बाई म्हणाल्या, “की मी ते केलं नाही तर हलकल्लोळ होईल. तसलं काही नसेल तर नाही म्हणा, मी कुरकुर करणार नाही. पण पुस्तकं नकोत.”

 बहुधा स्वतःलाही न कळता, मॅडमने आपलं गाऱ्हाणं सांगायला सुरुवात केली. चादरी बाहेरच्या लाँड्रीत जायच्या. दोन-दोन दिवस उशिरा यायच्या, करड्या पडलेल्या, कधी दुसऱ्याच कुणाच्या. वरच्या मजल्यावर, बाईंचा धरून, अठरा पलंग, आणि गेल्या आठवड्यात चौघांना पलंगावर नुसता टेबलक्लॉथ घालून झोपवावं लागलं होतं. मागच्या बाजूला धुलाईची खोली आहे, यंत्रही आहे, पण चालवायला माणूस नाही. हे ऐकता ऐकता बाई उठून बसल्या होत्या. पाय पलंगाखाली चपला शोधत होते.

अटी पुष्कळ झाल्या. डॉक्टरांची चिठ्ठी, लेकीची सही, गरम इस्त्रीला मदतनीसबाई शेजारी हवी, ओली गाठोडी उचलायची नाहीत. बाई सगळ्याला हो म्हणाल्या. त्यांची अट एकच होती. वरच्या मजल्याच्या चादरी बाहेर पाठवायच्या नाहीत, एकही नाही, अडीनडीलाही नाही. मॅडमने धुलाईखोलीची किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली, आणि बाईंनी ती गळ्यातल्या साखळीत अडकवली. लेकीने सही करताना चारदा विचारलं, “नक्की ना, आई?” आईने चारदा तिच्याकडे दुर्लक्ष केलं.

एकटीचं काम नव्हतं ते. बाईंनी आधी खालच्या मजल्यावरच्या टपालवाल्यांना गाठलं. आयुष्यभर पत्रं वेगळी करत आलेला माणूस, उंच, वाकलेला, तोंडाने तिखट. अभ्रे आणि टॉवेल खोलीवार लावायचे म्हटल्यावर त्यांनी फळीवर अठरा खण आखून घेतले आणि तिसऱ्या दिवसापासून ते चार हात लांबून घड्या भिरकवायला लागले. “चार नंबर, खिडकीकडचा! सात नंबर, दाराकडचा!” एक चुकत नव्हता. चुकला तर म्हणायचे, खण हलला.

आणि चादरीच्या घडीला लागतात दोन माणसं. पहिल्या दिवशी गच्चीवर बाई वाळलेली चादर घेऊन उभ्या होत्या, दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं, तेवढ्यात शेजारीण कुठूनशी येऊन समोर उभी राहिली आणि तिने न विचारता दोन कोपरे उचलले. ताण दिला. अचूक, जेवढा हवा तेवढा. मग दोघी एकमेकींकडे चालत आल्या, कोपऱ्याला कोपरा लागला, बोटांना बोटं. शेजारणीने घडीची कड सोडवून घेतली आणि ती मागे गेली, पुन्हा आली. चादर मध्ये फुगायची आणि बसायची. गच्चीवर वाऱ्याने बाकीच्या सतरा चादरी हलत होत्या, त्यांच्यामधून ऊन यायचं, जायचं, आणि त्या उजेडात शेजारणीचा चेहरा कधी म्हातारा दिसे, कधी अगदी पोरीसारखा. कुठल्या अंगणात, कुणाबरोबर हे शिकली होती, देव जाणे. तिला सांगता आलं नसतं. पावलांना मात्र सगळं पाठ होतं. अठरा चादरी झाल्या तेव्हा दोघींपैकी कुणी एक शब्द बोललेलं नव्हतं, आणि बाईंना वाटलं की आपण बरंच काही बोललो.

“तुम्ही नव्या आलात का?” जिना उतरताना शेजारणीने विचारलं.

“हो,” बाई म्हणाल्या, “आज मात्र खरंच नवी.”

तीन आठवडे असे गेले की विचारू नका. बाईंना स्वप्नं पडायची बंद झाली, किंवा दिवसच तसे झाले म्हणून वेगळी कळेनात. यंत्राच्या गोल काचेमागे पांढरं पाणी फिरे आणि बाई स्टुलावर बसून बघत राहत. साबणाचा, उन्हाचा आणि गरम सुताचा वास त्यांच्या अंगाला लागला. वरच्या मजल्यावर कुणालाही टेबलक्लॉथवर झोपावं लागलं नाही. आचारी एकदा जाता जाता म्हणाला, “बाई, माझे अ‍ॅप्रन घ्याल का?” बाईंनी भाव खात सांगितलं, “बघते, जमलं तर.” मग दिवसभर त्या स्वतःशीच हसत होत्या.

आणि इथंच घोळ झाला. सगळं सुरळीत चाललं की बाईंमधला मुकादम जागा व्हायचा. त्यांना चादरींचा तो मऊपणा खुपायला लागला. हातात घेतली की चादर कशी लोळागोळा, जीव नसल्यासारखी! हॉस्पिटलात मुख्य नर्सबाईंचा हुकूम असायचा, चादर भिंतीला उभी करून ठेवली तर उभी राहिली पाहिजे. त्यासाठी खळ करत, पिठाची पेज. कपडा तिच्यात बुडवून वाळवला की कागदासारखा कडक. त्या कडकपणावर बाईंनी मान मिळवला होता. त्यांनी आचाऱ्याकडून पातेलंभर पीठ मागून आणलं, मदतनीसबाईला पेज शिजवायला लावली, आणि अठराच्या अठरा चादरी, वर अभ्रेसुद्धा, चांगल्या दाट खळीत बुडवून काढले. कुणाला विचारलं नाही. मुकादम कधी विचारतो का?

गच्चीवर त्या चादरी वाळल्या तेव्हा वाऱ्याने हलेचनात. पत्र्यासारख्या वाजत होत्या. इस्त्रीखालून एकेक निघाली की अशी चकाकायची! संध्याकाळी बाईंनी स्वतः उभं राहून प्रत्येक पलंग करून घेतला, दारातून मागे वळून पाहिलं, आणि आनंदाने त्यांचा ऊर भरून आला. आपल्या कडक चादरीवर त्या राणीच्या थाटात ताठ झोपल्या, आणि सकाळपर्यंत कूस बदलली नाही.

सकाळी जेवणघरात पाऊल टाकलं, आणि सगळ्यांच्या माना एकदम वळल्या.

“आल्या!” टपालवाले ओरडले. त्यांच्या गालावर अभ्र्याच्या शिवणीचा लाल वळ होता. तात्पुरते ते वरच्या मजल्यावर झोपत होते, त्यांच्या खोलीला रंग लागत होता म्हणून. “अहो बाई, ही चादर की कौल? कूस बदलली की कडकड आवाज! माझ्याबरोबर सगळी खोली जागी!”

“माझ्या कोपरांची सालं निघाली बघा,” कुणी म्हणालं. “मानेला ओरखडे.” “मी तर सरळ चादर काढून गादीवर झोपले.” “रात्रभर खरखर, खरखर, मला वाटलं उंदीर आलेत!” एक आजोबा तर काठी आपटत म्हणाले की, हे काय, आम्ही इस्त्रीला आलोय का इथं?

बाई दारात खिळून उभ्या राहिल्या. छत्तीस वर्षांत असं त्यांच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. तळघरातून चादरी गाड्यावर चढायच्या आणि वर जायच्या. त्यांच्यावर कोण झोपतं, कसं झोपतं, त्याला खुपतं का, हे खाली कधी कुणी सांगायला आलं नाही, आणि बाईंनी कधी विचारलंही नाही. वर आजारी माणसं. ती तक्रार कुठली करणार! सत्तर वर्षांच्या पातळ झालेल्या कातडीला खळ बोचते, ही एवढीशी गोष्ट आपल्याला चादरींचा जन्म काढून कळली नाही, याची बाईंना भयंकर लाज वाटली. चेहरा कानापर्यंत तापला. आणि त्या लाजेच्याही खाली, खरं सांगायचं तर, काहीतरी धडधडत होतं. अख्खं जेवणघर चिडलं होतं, त्यांच्यामुळे. हलकल्लोळ झाला होता.

तेवढ्यात मॅडम धावत आली. दोन्ही हात पसरून ती बाईंच्या आणि लोकांच्या मध्ये उभी राहिली. “असू दे, असू दे हं! कुणी आजींना बोलायचं नाही. त्यांनी प्रेमानेच केलंय.” मग वळून, अगदी हळू आवाजात, “आजी, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. काही हरकत नाही. आज मी सगळ्या चादरी बाहेर पाठवते. तुम्ही आराम करा.” आणि तिने हात पुढे केला, किल्लीसाठी.

बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. लोक ओरडत होते तेव्हा त्या उभ्या होत्या. ‘काही हरकत नाही’ ऐकलं आणि त्यांनी दाराची चौकट धरली. हा पांढरा, मऊ शब्द त्यांच्या ओळखीचा होता. पुन्हा ती टोपली. पुन्हा ते चोवीस टॉवेल. त्यांनी साखळीतली किल्ली मुठीत घट्ट धरली.

“मॅडम, जरा इकडे या,” असं म्हणून त्या तिला धुलाईखोलीत घेऊन गेल्या आणि दार लोटलं.

“हरकत कशी नाही? सतरा माणसं झोपली नाहीत. हेच आचाऱ्याने केलं असतं, डाळीत मूठभर मीठ घातलं असतं, तर त्याला तुम्ही म्हणाला असतात, काही हरकत नाही?”

“त्याची गोष्ट वेगळी, आजी.”

“का वेगळी?”

“तो... तो कामावर आहे.”

“आणि मी?”

 यंत्राच्या काचेवर मॅडमचा चेहरा दिसत होता, लांबट आणि जागरणाने सुजलेला. बाई म्हणाल्या, “त्याला जे बोलला असतात ते मला बोला. नाहीतर ही घ्या किल्ली, मी पुन्हा मागणार नाही.”

“आजी, मला नाही जमायचं.”

“आजी नका म्हणू. बोला.”

मॅडमने श्वास घेतला. “तुम्ही... तुम्ही विचारायला हवं होतं,” ती चाचरत म्हणाली.

“बरं. मग?”

“विचारायला हवं होतं!” दुसऱ्यांदा आवाज चढला. “एका शब्दाने तरी! पहाटेपासून मला अकरा फोन आलेत, लोकांच्या मुलांचे! सहा नंबरच्या आजोबांच्या पाठीला जखम होता होता राहिली, ठाऊक आहे? एवढी वर्षं काम केलंत आणि चादरीवर माणूस झोपतो हे तुम्हाला कुणी सांगावं लागतं? मुकादम असाल तुमच्या घरच्या! मी या खोलीसाठी वरिष्ठांशी भांडले, तुमच्यासाठी शब्द टाकला, आणि तुम्ही मला तोंडघशी पाडलंत!”  मग तिलाच आपला आवाज ऐकू आला बहुतेक. तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले.

बाईंचे डोळे भरून वाहत होते. पुसायचं त्यांना सुचलं नाही.

“चुकलं माझं,” त्या म्हणाल्या. “सगळ्या चादरी खळ काढून, धुऊन, वाळवून देते. सहापर्यंत.”

 मॅडमचे तोंडावरचे हात हळूहळू खाली आले. “पाच,” ती म्हणाली. “साडेपाचला वरची मंडळी पडायला लागतात. सबब चालणार नाही.”

“पाच,” बाई म्हणाल्या.

मग काय विचारता! आधी जेवणघरात जाऊन बाईंनी सगळ्यांसमोर चूक कबूल केली आणि पुढे काही नवीन करायचं झालं तर विचारल्याशिवाय करणार नाही, असं सांगून टाकलं. आजोबांनी काठी आपटून ते मान्य केलं. “शर्टाच्या कॉलरला थोडी खळ मला चालेल,” टपालवाले म्हणाले. “आधी गाठोडी मोजा,” बाई म्हणाल्या. तीन-तीन पाण्यांतून चादरी काढायच्या होत्या, तेव्हा कुठे खळ सुटणार. यंत्र घुमत राहिलं, पाणी दुधाळ होऊन जात राहिलं, मदतनीसबाई वरखाली करत राहिली, आणि गच्चीवर एकेक चादर पुन्हा मऊ होऊन वाऱ्यावर सैल सुटली.

दुपारी दोनला लेक धापा टाकत गच्चीवर आली. सकाळच्या गडबडीत मॅडमनेच तिला फोन केला होता. चादरींच्या रांगांतून वाट काढत ती आईपाशी पोचली, आणि आईचा चेहरा बघून जागीच थबकली. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले, बाह्या कोपरापर्यंत ओल्या.

“आई, तू रडलीस?”

“ती ओरडली मला,” बाई म्हणाल्या. “खालच्या खोलीत. चांगली फैलावर घेतली.” शाळेत पहिला नंबर आल्याचं सांगावं तसा त्यांचा सूर होता.

“कोण? मॅडम? तुझ्या वयाच्या माणसाला?” लेकीने पर्स खांद्यावर सावरली. “थांब, मी आत्ता जाऊन बघते तिच्याकडे.”

“खबरदार!” बाई अशा कडाडल्या की पलीकडे टपालवाल्यांच्या हातातला चिमटा पडला. “एक शब्द बोलायचा नाही तिला. साहेब आहे ती माझी.”

लेक बघतच राहिली. रागावलेली आई तिला ओळखीची होती, रडणारीही होती. पण ही कोण, ते तिला पटकन कळेना.

“घरी चलतेस का थोडा वेळ?” तिने हळूच विचारलं. “दमली असशील.”

“आत्ता नाही गं, बाळा,” बाई दोरीवरच्या चादरीचा काठ चाचपत म्हणाल्या, अजून जरा दमट होता. “तू खाली जाऊन बस. पाचपर्यंत मला वेळ नाही.”